समुद्रातला डिंक

सोलापूर, साखर पेठ
ता. ८ ऑक्टोबर १९३२

कमलाकर,

नमस्काराची ओळ मुद्दाम गाळतोय. ज्यानं मला पोतंभर घाण रेल्वेनं पाठवली त्याला नमस्कार कसला? पार्सल ऑफिसातला कारकून नाकाला उपरणं लावून म्हणाला, "तुमचं हे काय मेलंय ते आधी उचला." मी खत आहे म्हणून सांगितलं. टांगेवाल्यानं पोतं घ्यायला नकार दिला, तेव्हा हातगाडी केली आणि मागच्या दारानं आत आणलं.

आता कामाचं. वडील जाऊन पाच वर्षं झाली, पण कारखाना अजून त्यांच्याच रीतीनं चालतो, हे तू गड्ड्याच्या यात्रेला आलास तेव्हा पाहिलंस. विणकरांचं सूत आणायचं, लडी चिंचोक्याच्या खळीत बुडवून वाळवायच्या, मग बायका रहाटावर कांड्या भरतात आणि त्या कांड्या विणकराला परत. या पावसाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. लुगड्यांवर काळे ठिपके. चिंचोक्याच्या खळीला बुरशी आली, बाकी काही नाही. पण विणकर मलाच धरतात. तिघांनी सूत द्यायचं बंद केलं. आणखी वर्षभर असंच चाललं तर बाराही रहाट माळ्यावर जातील.

म्हणून तुझी ती पुण्याच्या कॉलेजातली बडबड आठवली. कोळंबीच्या टरफलात कायटिन नावाचं द्रव्य असतं, ते काढलं तर त्याची खळ होते आणि तिला बुरशी शिवत नाही. जर्मन मासिकातून तू मला वाचून दाखवायचास आणि मी झोपायचो. आता झोप उडाली आहे.

आईशी खोटं बोलावं लागलं: अव्वाला सांगितलंय की हा समुद्रातला डिंक आहे. आम्हा लिंगायतांत मासळीचं नाव निघालं तरी माणूस चूळ भरतो, आणि ती तर गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. तेव्हा पत्रात जपून लिही. कार्ड टाकू नकोस, पाकीटच घाल.

चन्नवीर

मालवण
ता. २० ऑक्टोबर १९३२

मेल्या चन्नवीरा,

घाण म्हणतोस? आमच्याकडे कोळंबीला सुंगटां म्हणतात आणि तिच्यावाचून घास उतरत नाही. किनाऱ्यावर बायका सुकी सुंगटां सोलतात, आत राहतो तो सोडा, आणि टरफलांचे ढीग माडांच्या मुळाशी जातात. तुला हवी तेवढी नेतो म्हटल्यावर बायका माझ्याकडे बघून हसल्या. मास्तर बिघडला म्हणाल्या.

कृती पुन्हा लिहितो. आधी पातळ तेजाब, म्हणजे चुना निघून जाईल. बुडबुडे थांबेपर्यंत हात लावू नकोस. मग कॉस्टिक सोड्यात उकळ, मांस आणि वास दोन्ही जातील. उरेल ते अगदी कडक कॉस्टिकमध्ये पुन्हा उकळ, आणि धू, धू, धू. पांढरा भुगा झाला की सिरक्याच्या तेजाबात टाक. चिकट, काचेसारखा स्वच्छ रस झाला तर जमलं. गढूळ झाला तर तुझा आळस.

पण एक गोष्ट सांग. तुमच्या बायका दोरा तुटला की टोक जिभेवर ओलं करतात आणि मग पीळ देतात. मी पाहिलंय. तू कितीही धुतलंस तरी ते कशाचं आहे ते आहेच. प्रत्येकीपुढे पाण्याची वाटी ठेव. बोट बुडवतील आणि जोडतील. एवढं कर बाबा.

अव्वाला नमस्कार. विषमज्वरात तिनं पाजलेली पेज अजून माझ्या अंगात आहे.

कमलाकर

सोलापूर
ता. १४ जानेवारी १९३३

प्रिय कमलाकर,

जमलं! जमलं की रे! सहा वेळा गढूळ झालं, सातव्यांदा असा रस उतरला की मी भांड्यापुढे उभा राहून एकटाच हसलो. लडी वाळल्या तर सूत तारेसारखं. महिनाभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेलं लुगडं काल काढलं, एक ठिपका नाही. आणि ऐक, लाल रंग पूर्वीपेक्षा घट्ट बसतो. विणकर सिद्धलिंगप्पा, जो माझ्या नावानं बोटं मोडत होता, तो काल स्वतः सूत घेऊन आला. वाड्यात नव्या खळीचंच कौतुक चाललंय, आणि सगळे तिला डिंकच म्हणतात.

वाटीचं मात्र जमणार नाही. बोट वाटीत, मग दोऱ्याला, मग पदराला. दिवसाकाठी चार कांड्या कमी भरतील. आणि बायका विचारतील, आजवर जीभ चालली, आता का नाही? एका प्रश्नाचे शंभर होतात. शिवाय तू रसायन शिकवतोस, मला सांग, दोन तेजाबांतून आणि दोन उकळ्यांतून गेलेली वस्तू कोळंबी राहते का? माझ्या हिशेबी नाही.

आता तेरावा रहाट मांडलाय, त्यावर अव्वा स्वतः बसते. म्हणते, डिंक बरा हाय, जरा आंबट लागतोय.

चन्नवीर

सोलापूर
सोमवार, फेब्रुवारी १९३३

लिहिणार रुक्मिणीबाई, शेजारच्या मास्तरांची मंडळी. सांगणार बसम्मा. चन्नवीराची अव्वा. बाई म्हणाल्या तुमी बोलाल तसंच लिहिते.

कमलाकरा, बाळा, बरा हायस का? बायकापोरं बरी हायत का? मी बरी हाय.

एक विचारायचं हाय. त्या पोत्यांच्या खोलीपुढं पेठेतली सगळी मांजरं येऊन बसत्यात. काल मी सात मोजली. डिंकाला मांजर कशाला येतंय रे? खोली झाडली तर एक मिशी गावली. लांब, तांबडी. डिंकाच्या झाडाला मिशा असत्यात व्हय? चन्नवीराला इचारलं तर म्हणतोय, समुद्रातली मुळी हाय. माज्याकडं न बगता बोलला. तवाच मला कळलं की ह्यो काय तरी लपवतोय.

तुला ताप आला तवा एकवीस दिवस मी तुज्याजवळ बसले. तू काय खातोस, कोणाचा हायस, कदी काढलं न्हाय. त्याची फेड मागत न्हाय. पर खरं सांग. त्या पोत्यात जीव हुता का न्हवता? व्हय का न्हाय, एवढंच लिही. पाकीट बाईंच्या नावानं घाल. आन् मी इचारलं हे चन्नवीराला कदी बोलायचं न्हाय, तुला माजी शपत हाय.

बसम्मा

मालवण
ता. २ मार्च १९३३

अव्वा,

दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. तुझ्याशी खोटं लिहिता येत नाही.

होय. जीव होता. समुद्रातली कोळंबी. तिचं टरफल.

धुऊन, उकळून त्यात मांसाचा कण राहत नाही, पण तू ते विचारलेलं नाहीस. चन्नवीर वाईट नाही गं, तो घाबरलेला आहे. तुझी शपथ पाळीन.

तुझा कमलाकर

सोलापूर
ता. ३० एप्रिल १९३३

प्रिय कमलाकर,

इथं ऊन असं की लडी तासाभरात वाळतात. काम वाढलंय, आणि घरात मात्र डोक्याला ताप. अव्वानं कुठून तरी ऐकलं की थुंकीतून क्षय पसरतो. झालं! मंद्रूपच्या बाजारातून मावशीकडून मातीच्या वाट्या मागवल्या आणि एकेकीपुढं एकेक मांडली. दोरा तोंडात घालायचा नाही म्हणे. पहिल्याच दिवशी निम्म्या कांड्या. एकीची वाटी लडीवर सांडली, दुसरीचं बोट ओलं म्हणून पीळच बसेना. विणकर दारात उभे, आणि माझ्या बायका वाट्यांशी खेळतायत!

तुझी ती वाटीची कल्पना अव्वाच्या डोक्यात कशी आली कोण जाणे. मी सगळ्या गोळा करून माळ्यावर टाकल्या. बायकांसमोर जरा चढ्या आवाजात बोललो हे खरं. अव्वा माझ्याकडे बघत राहिली. असं ती वडिलांकडे बघायची, ते रागावले की.

पोती लवकर पाठव, पाच तरी हवीत.

चन्नवीर

मालवण
ता. १२ मे १९३३

चन्नवीरा,

पोती बोटीवर चढवली आहेत.

वाट्या खाली काढ. मी थट्टा करत नाही. त्या बायका शिकतील, आठ दिवसांत हात बसेल. अव्वानं सांगितलंय तेवढं ऐक, का सांगितलं ते विचारत बसू नकोस. माझं एवढं ऐकशील तर पुढे तुझ्याकडे काही मागणार नाही.

कमलाकर

सोलापूर
ता. १७ सप्टेंबर १९३३

प्रिय कमलाकर,

तुझं पत्र वाचून हसू आलं. तूही अव्वाच्या पार्टीत सामील! वाट्या माळ्यावर आहेत आणि सगळं सुरळीत आहे.

खबर अशी की गिरणीचा खळमास्तर स्वतः आला होता. लडी दातानं ओढून पाहिली, नखानं खरवडली, एका हिसक्यात तोडायचा प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "राव, हा डिंक कुठला?" मी म्हणालो, माझा. गिरणीत घ्यायचं मनावर घेतलंय त्यानं. कमलाकर, चिंचोके कांडणाऱ्याच्या मुलाच्या दारात गिरणीची मोटार उभी होती, पेठेनं पाहिली!

अव्वाचं वय झालं आता. एक नवीनच खूळ: कुणाचाही दोरा तुटला की "मला हाक मारा, तुमच्या गाठी कच्च्या पडत्यात" म्हणते. बाराही रहाटांवर फिरून टोकं एकटी जोडते. आपलं महत्त्व कमी होऊ नये म्हणून असेल, म्हाताऱ्यांचं असं होतं. दिवसभर तोंडात दोरा. मी म्हटलं, बसून राहा की; तर म्हणते, बसून काय करू. जेवण तर पार कमी झालंय. भाकरी सोडलीच, आंबिलीचा एक पेला, तोही आमच्यात बसून नाही. पूजा एकटीच करते, खोलीचं दार लावून. तिची सून म्हणते, आतून घंटीचा आवाज येत नाही. वैद्य म्हणाले अशक्तपणा आहे. काढा चालू आहे.

चन्नवीर

मालवण
ता. ३ ऑक्टोबर १९३३

चन्नवीर,

तिला सांग.

तुझ्या तोंडानं सांग, तो डिंक नाही म्हणून. आज सांग, हे पत्र मिळेल त्या दिवशी सांग. मी शपथेत अडकलोय, यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. तुला एवढी रसायनं कळतात, घरात काय चाललंय ते कळत नाही का रे?

काढा बंद कर. तिला काढ्याचा उपयोग नाही.

कमलाकर

सोलापूर
ता. २१ डिसेंबर १९३३

कमलाकर,

तुझं पत्र आलं. शपथ कसली आणि कोणाची, मला समजलं नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. मालवणात बसून उपदेश करणं सोपं आहे. तुझी आई मासळीच्या पाटीवर बसली तरी तिचं काही जात नाही.

गिरणीनं मागणी केली आहे. संक्रांतीनंतर माल द्यायचा. यात्रा होऊ दे, सिद्धरामेश्वराच्या नंदीध्वजाच्या काठ्या मिरवून झाल्या की अव्वाला बसवून सगळं सांगेन, ठरवलंय. या वर्षी ती गड्ड्याला यायचं नाही म्हणते. पाय दुखतात. पन्नास वर्षांत तिनं नंदीध्वज चुकवला नव्हता.

आठ पोती पाठव.

चन्नवीर

सोलापूर
ता. १९ फेब्रुवारी १९३४

कमलाकर,

अव्वा गेली. गेल्या सोमवारी. ताप आला, तीन दिवसांत आटोपलं. अंगात काही उरलंच नव्हतं. मी सांगितलं नाही. यात्रा झाली, मग गिरणीचा माल, मग तिला ताप.

आता ऐक. आमच्यात माणसाला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. स्वामींनी तिच्या गळ्यातली लिंगाची चौकी उघडली. चौकीत लिंग नव्हतं. चिंचोका होता. वडिलांच्या खळीचा, एक साधा चिंचोका, वजन लागावं म्हणून घातलेला. चार माणसांत स्वामींनी तो उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हे काय रे, चन्नवीरा?"

लिंग तिच्या खोलीत, कोनाड्यात सापडलं. तिनं स्वतः पिळलेल्या दोऱ्यात गुंडाळलेलं. कोरा दोरा, खळ न लागलेला. खाली तुझं पत्र. २ मार्चचं. "होय. जीव होता."

वर्षभर तिला माहीत होतं. वर्षभर ती माझ्यासमोर तो दोरा तोंडात घालत होती, आणि तुला माहीत होतं की तिला माहीत आहे. तू मला पोती पाठवत राहिलास. मित्र म्हणायचं तुला? तिनं शपथ घातली म्हणे! शपथ मोडली असतीस तर तुझं काय झडलं असतं? माझी आई लिंगाशिवाय, आंबिलीवर, वर्ष काढून गेली आणि तू शपथ जपत बसलास.

ती माझ्याशी का बोलली नाही, एवढं तुला माहीत असेल तर लिही. नसेल तर पुन्हा लिहू नकोस.

चन्नवीर

मालवण
ता. २८ फेब्रुवारी १९३४

चन्नवीर,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी भित्रा आहे, नेहमीच होतो.

तिचं दुसरं पत्र सोबत जोडतोय. शपथ आता संपली. वाचण्यापूर्वी दाराला कडी लाव.

कमलाकर

(सोबतचं पत्र)

सोलापूर
मे महिना, १९३३

लिहिणार रुक्मिणीबाई. सांगणार बसम्मा.

कमलाकरा, तुजं पत्र पोचलं. खरं लिहिलंस, देव तुजं भलं करो.

वाट्या आणल्या हुत्या. क्षयाचं निमित केलं. त्यानं माळ्यावर टाकल्या. असू दे. आता म्या बायास्नी सांगितलंय, दोरा तुटला की मला हाक मारा. म्या एकटी जोडते. बाकीच्यांची तोंडं तरी चांगली ऱ्हाऊ देत, त्यांच्या गळ्यात बी लिंग हाय. माजं तर झालंच हाय. तीन महिनं पोटात गेलं. आंबट लागतंय, पयल्या दिसापासनं आंबट लागत हुतं, तवाच थुकायला पायजे हुतं. ह्या तोंडानं लिंगाला कशी हाक मारू? म्हणून काढून ठिवलं. चौकी गळ्यात हाय, सुनंला कळू ने म्हणून.

तू म्हणशील, ल्योकाला का सांगत न्हाईस. बाई बी तेच म्हणत्यात. तर ऐक. म्या सांगितलं तर दोनातलं एक हुईल. त्यो कारखाना बंद करंल, मंग बारा घरच्या बाया कुटं जातील? न्हाय तर त्यो बंद करणार न्हाय. आयनं सांगून बी बंद करणार न्हाय. मंग माजा ल्योक तसा हाय, हे मला कळंल. मला ते कळून घ्यायचं न्हाय रं बाळा.

बाई रडायला लागल्यात, म्हणून पुरं करते.

बसम्मा

सोलापूर
ता. ९ एप्रिल १९३४

कमलाकर,

महिनाभर लिहायचं टाळलं. तुला शिव्या दिल्या त्या परत घेत नाही, पण आता त्यातल्या निम्म्या माझ्याकडे ठेवतो.

बायकांना सगळं सांगितलं. रहाट थांबवले आणि उभं राहून सांगितलं, पोत्यात काय असतं आणि अव्वा का फिरत होती. अक्कम्मा, सगळ्यांत जुनी, उठली आणि तोंड धुऊन आली. मग म्हणाली, "बसम्मा आमास्नी म्हणायची, गाठी कच्च्या हायत. आमी तिला मागनं हसायचो." पाच जणी त्याच दिवशी गेल्या. सात राहिल्या. त्यांच्यावर घरं चालतात.

माळ्यावरून वाट्या काढल्या, धुतल्या. ज्या बायका राहिल्या त्या आता बोट बुडवून जोडतात. तू म्हणालास तसा आठ दिवसांत हात बसला. दिवसाला एखादी कांडी कमी पडते. एखादीच. वाट्या मोजल्या तर बारा निघाल्या. रहाट तेरा आहेत, हे तिला ठाऊक होतं. स्वतःसाठी तिनं मागवलीच नव्हती.

तिला जे कळून घ्यायचं नव्हतं ते तुला कळवतो. कारखाना चालू आहे. गिरणीची दुसरी मागणी आली, मी हो म्हणालो. तू पोती पाठवशील की नाही ते तू ठरव. नाही पाठवलीस तर रत्नागिरीहून आणीन.

संध्याकाळी बायका गेल्या की तेराव्या रहाटावर मी बसतो. तिथं वाटी नाही. दोरा तुटला की तोंडातच घेतो. माझ्या गळ्यातल्या चौकीत काय आहे ते विचारू नकोस. दोरा आंबट लागतो.

चन्नवीर